नोकरी गेली तरी दशमांश चालूच ठेवायचा म्हणते बायको. हा भरवसा की देवाशी सौदा?

कळवेकर_७९ (धागाकर्ता)
सलाम मंडळी. आधीच सांगतो, मी नास्तिक वगैरे नाही, आजोबा नगरकडचे, मिशनच्या शाळेत मास्तर, घरात रोज रात्री प्रार्थना झाल्याशिवाय ताट वाढलं जायचं नाही. तर मार्चमध्ये ऐरोलीच्या कंपनीने नारळ दिला, तीन महिन्यांचा पगार हातावर ठेवला नि म्हणाले लॅपटॉप जाताना रिसेप्शनला द्या. घराचा हप्ता ३१,४००, पोरगी बारावीला, आई आमच्याकडेच असते नि तिच्या गोळ्याच महिन्याला साडेतीन हजाराच्या. बायको शाळेत शिकवते, तिला २८ हजार. बाकी सगळं साठवलेल्यातून चाललंय.

आमच्याकडे एक तारखेला दशमांश बाजूला काढायची पद्धत आहे, म्हणजे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिळकतीचा दहावा हिस्सा देवाचा. या एक तारखेला मी सोफ्यावर बसून बघतोय, बायकोने २८०० मोजले, पाकिटात घातले, पाकिटाची कड जिभेने ओली करून चिकटवली नि पाकीट बायबलमध्ये ठेवून दिलं. आणि त्याच संध्याकाळी दूधवाल्या भैयाला सांगितलं, उद्यापासून एक लिटर नको, अर्धा.

माझी सटकलीच. तिने बायबलातलं मलाखी ३:१० काढून दाखवलं, दशमांश भांडारात आणा आणि मला पारखून बघा, आकाशकपाटं उघडतो की नाही. मी म्हटलं ठीक आहे, पण मंदिराच्या टोकावर सैतानाने उडी मार म्हटल्यावर प्रभू येशूच म्हणाला ना की देवाची परीक्षा बघू नको? मग परीक्षा कुठे बघायची नि कुठे नाही हे कोण ठरवणार? मला तर हे एसआयपीसारखं वाटतं, २८०० टाका नि वरून नोकरी पडायची वाट बघा. यात देवाच्या जवळ जाणं कुठे आलं?

मतं सांगा. फक्त तो पुरातला माणूस नि तीन होड्यांचा जोक टाकू नका, आमच्या ग्रुपवर आठवड्यातून चारदा येतो.

सानपाडा_सिस्टर
प्रेझ द लॉर्ड ब्रदर. राग मानू नका पण तुमचा हप्ता ऑटो डेबिट आहे ना? बँक विचारते का तुम्हाला, या महिन्यात जमेल का दादा? तिथे गपचूप देता. देवाचं तेवढं मॅन्युअल, उरलं तर बघू. माझ्या मिस्टरांची रिक्षा पाच महिने उभी होती, पायात रॉड, तेव्हाही आम्ही दिला, दीडशे रुपये आले तर पंधरा दिले. आणि शाळेची फी भरायची शेवटची तारीख होती त्या सकाळी मिस्टरांचा जुना पॅसेंजर घरी आला नि फी भरून गेला. आम्ही कोणाला बोललो नव्हतो. तुम्ही याला योगायोग म्हणा, मी म्हणणार नाही. वहिनींना साथ द्या, त्यांचा विश्वास तोडू नका.

घणसोली_निरीश्वर
ताई तुमची फी भरली गेली याचा आनंदच आहे. पण एक सांगा, पंधरा रुपये देऊनही ज्यांची फी भरली गेली नाही ते कधी उभे राहून साक्ष देतात का? माइक नेहमी ज्याचं काम झालं त्याच्याच हातात. उरलेले मागच्या बाकावर बसून आमेन म्हणतात. धागाकर्त्याचं गणित बरोबर आहे, फक्त शेवटपर्यंत सोडवायला घाबरतायत.

कळवेकर_७९
@घणसोली_निरीश्वर तुमचा माइकचा मुद्दा मला पटला, झोंबला पण पटला. पण मला हत्यार करून ताईंना मारू नका. मी देवाला सोडायचं विचारत नाहीये, त्याच्याशी हिशेबाने वागायचं का नाही ते विचारतोय.

चेंदणीकर
आम्ही ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबई-ठाण्याकडचे मूळचे ख्रिस्ती, आमच्यात दहावाच भाग पाहिजे अशी सक्ती नाही, ऐपतीप्रमाणे द्यायचं. पण आमच्या आगेरा सणाबद्दल सांगतो कारण ते इथे लागू पडतं. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी भाताच्या नव्या लोंब्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर आशीर्वाद देतात, मग नवा तांदूळ घरात शिजायचा. आमच्या आजोबांची शेती होती तिथे आता टॉवर आहे, तळमजल्याला जिम. लोंब्या भिवंडीकडून मागवाव्या लागतात, तरी नेतो.

मुद्दा असा की पीक आल्यावर आपण आभार मानतो. पीक यावं म्हणून आगाऊ रक्कम भरत नाही. दादा तुमच्याकडे सध्या पीकच नाही तर आगेरा कसला करताय? वहिनींची भावना चांगली आहे पण वेळ चुकतीय असं माझं मत.

उरणकडची
@चेंदणीकर भाऊ तुम्ही कधी भात कापलाय का? खरंच विचारतेय, टोमणा नाही. पहिल्या लोंब्या काढतो तेव्हा बाकीचं सगळं शेतातच उभं असतं. कापणी नाही, झोडणी नाही, कणगीत एक दाणा नाही. आणि ऑक्टोबरचा पाऊस काय करतो ते आमच्या आईला विचारा, आडवं पडलेलं भात पाण्यात कोंब धरतं नि चार महिन्यांची मेहनत गुरांच्या पुढ्यात जाते. म्हणजे तुमचे आजोबा लोंब्या घेऊन चर्चला जात होते तेव्हा पीक *आलेलं* नव्हतंच. येईल की नाही याची खात्री नसताना त्यातलं पहिलं द्यायचे. कापून झाल्यावर दिलं तर ते दान, उभ्या पिकातून दिलं तर भरवसा. मी ख्रिश्चन नाही, आगरी आहे, पण शेत तेच आहे.

चेंदणीकर
मान्य. मी टॉवरच्या जमान्यातला. आमच्या मामीला वाचून दाखवलं, ती म्हणते पोरगी बरोबर बोलतेय नि तू गप बस.

नेरूळ_नाइट_ड्युटी
मी नर्स आहे, रात्री तीनला वॉर्ड शांत असतो तेव्हा वाचते, त्यामुळे उशिरा लिहितेय. सगळे मलाखीवर अडकलेत. मार्कच्या शुभवर्तमानाचा ७ वा अध्याय काढा. लोक आईबापाला सांगायचे, तुम्हाला माझ्याकडून जे मिळायचं होतं ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलं, आता तुम्हाला देता येत नाही. यावर प्रभू खवळतो, म्हणतो तुमच्या परंपरेने तुम्ही देवाचं वचन रद्द करता. दादांच्या घरात म्हाताऱ्या आईच्या गोळ्या साडेतीन हजाराच्या आहेत. गोळी चुकवून पाकीट भरलं जात असेल तर ते कुर्बान आहे. आमच्याकडे असे पेशंट येतात, गोळ्या अर्ध्या करून खाल्लेले, नि विचारलं की म्हणतात भागत नाही.

आणि विधवेच्या दोन टोल्यांची, म्हणजे दोन क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट आता कोणीतरी काढणारच म्हणून मीच काढते. मार्क १२. तिच्या बरोबर आधीच्या वचनात प्रभू शास्त्र्यांबद्दल बोलतो, हे विधवांची घरं गिळतात. आणि पुढच्याच दृश्यात एक विधवा स्वतःची अख्खी उपजीविका पेटीत टाकते. आपण तो भाग कायम देणग्यांच्या रविवारी वाचतो. 'तुम्हीही असंच करा' असं तिथे कुठे लिहिलंय? मला तर वाचताना वाटतं त्याला रडू येत असेल.

सानपाडा_सिस्टर
@नेरूळ_नाइट_ड्युटी सिस्टर, रडू येत असेल हे तुम्ही घातलं, लिहिलेलं नाही. लिहिलंय ते हे की इतर सगळ्यांपेक्षा हिने जास्त टाकलं. तो शिष्यांना मुद्दाम जवळ बोलावून हे सांगतो. नुसतं वाईट वाटलं असतं तर तिला थांबवलं असतं ना, पेटी काय लांब नव्हती. थांबवलं नाही. गरिबाने देऊ नये, गरिबाला परवडत नाही, हे बोलणं मला दयेचं वाटतच नाही. आम्ही दीडशेतले पंधरा दिले तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं की आपण फक्त घेणारे नाही. ते माझ्याकडून काढून घेऊ नका.

आईच्या गोळ्यांचं मात्र बरोबर आहे तुमचं. गोळ्या आधी.

ज्ञानबा_ठाणे_पश्चिम
आम्ही वारकरी, घरात माळ आहे, पण रेव्हरंड टिळकांच्या अभंगांमुळे तुमच्याकडे डोकावत असतो. ना. वा. टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, मिशनची नोकरी केली, आणि १९१७ मध्ये वयाची पन्नाशी उलटल्यावर ती पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला नि साताऱ्याला देवाचा दरबार काढला. दोन वर्षांत गेले. याला मी भरवसा म्हणतो. दहा टक्के द्यायचे की आठ हे वाण्याचं बोलणं झालं.

घोडबंदर_ट्रॅफिक_पीडित
वा ज्ञानबा. आणि टिळक हाताला येईल ते वाटत सुटायचे तेव्हा घर कोणी रेटलं? त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी. त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय, तेही हसत हसत, म्हणून आपल्याला गोड वाटतं. घरात एकाने आकाशाकडे बघायचं ठरवलं की दुसऱ्याला आपोआप डब्यातलं पीठ बघावं लागतं. इथे उलटं आहे एवढंच, भरवसा बायकोचा नि पिठाची काळजी नवऱ्याला. पण मला प्रश्न असा आहे की दूध अर्धा लिटर झाल्यावर कमी कोणाच्या कपात पडतं? माझ्या अनुभवात जी पाकीट भरते तिच्याच.

कळवेकर_७९
@घोडबंदर_ट्रॅफिक_पीडित बघितलं काल सकाळी. कोरा पितेय ती. मला म्हणाली ॲसिडिटी आहे.

जुना_पाळक
चर्चचा निवृत्त पाळक आहे, मोबाईलवर टाइप करायला वेळ लागतो, चुका पोटात घाला. एकतीस वर्षं रविवारची पाकिटं माझ्या समोर उघडली गेली. खजिनदार नोटा मोजायचे, मी वहीत लिहायचो. एकदा एका पाकिटात दहाच्या तेरा नोटा आल्या, अगदी घडी घालून घालून मऊ पडलेल्या, वर नाव नाही. कोणाच्या आहेत ते मला घडीवरून कळलं होतं कारण त्या बाईंना मी बाजारात कमरेच्या पिशवीतून पैसे काढताना पाहिलेलं होतं. घरात खायचे वांधे. परत करावे का? केले तर अपमान, ठेवले तर घास खाली जाईना. ठेवले. पुढे त्यांच्या घरी धान्य पोचवलं पण दशमांश परत केला नाही. बरोबर केलं की चूक ते मला आजही ठरवता येत नाही.

कळवेकर, तुम्हाला एकच दाखवतो. बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाच्या १४ व्या अध्यायाच्या शेवटी आहे की दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा, आणि तो लेवी (मंदिराची सेवा करणारे), उपरा, अनाथ नि विधवा यांनी येऊन पोटभर खायचा. दशमांशाला देणारा हात आहे तसा घेणाराही आहे. तुम्ही सगळे देण्यावरच भांडताय. नोकरी मार्चमध्ये गेली. मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कोणाला सांगितलंत?

कळवेकर_७९
नाही सांगितलं पाळकसाहेब. उपासना सुटल्यावर कोणी विचारलं तर वर्क फ्रॉम होम म्हणतो.

जुना_पाळक
मग देवावर भरवसा आहे की नाही हे नंतर बघू. त्याच्या लोकांवर नाही हे तर दिसतंय.

घणसोली_निरीश्वर
पाळकसाहेब हे मात्र आवडलं. तरी एक टोचणी देतोच, सांगितल्यावर मंडळी म्हणाली की तुझा विश्वास कमी पडला म्हणून नोकरी गेली, तर? माझ्या आईला हेच म्हणाले होते, बाबा आयसीयूमध्ये असताना. त्यानंतर मी पाय ठेवला नाही.

जुना_पाळक
असं म्हणणारे आहेत, मी नाकारत नाही. बायबलात सगळं गमावलेल्या ईयोबाचे तीन मित्र पहिले सात दिवस त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं, तोंड उघडलं नि बिघडलं. शेवटी देव त्या मित्रांवर रागावतो, ओरडणाऱ्या ईयोबावर नाही. तुमच्या आईला ज्यांनी तसं म्हटलं त्यांच्या वतीने मी माफी मागू शकत नाही, पण मागावीशी वाटते.

कळवेकर_७९
दोन दिवसांनी लिहितोय. धागा बायकोला वाचायला दिला. तिने सगळा वाचला, ताईंच्या कमेंटला मान डोलावली, नर्सताईंच्या कमेंटवर बराच वेळ थांबली. मग म्हणाली, तुला वाटतं मी नोकरीसाठी देतेय? मी म्हटलं मग मलाखी कशाला दाखवलंस? म्हणाली, तू भांडायला लागलास म्हणून काहीतरी दाखवलं. मार्चपासून या घरात जे काही केलं ते घाबरून केलं, दूध कमी केलं घाबरून, क्लास बंद केला घाबरून, गॅस संपायच्या आधी मोजत बसते घाबरून. ते पाकीट तेवढं घाबरून केलेलं नाही.

याच्यावर मला बोलता आलं नाही. पण मला पूर्ण पटलंय असंही नाही, म्हणजे माझं एसआयपीवालं म्हणणं तिच्याबाबतीत चुकलं, पण २८०० तर २८००च राहतात ना. मी रात्री प्रार्थनेला बसतो तेव्हा मला अजून हप्त्याची तारीखच दिसते. शेवटी असं ठरलं की गोळ्या आधी काढायच्या, पाकीट तिच्या मनाप्रमाणे, आणि रविवारी मी मंडळीतल्या दोघांना खरं सांगायचं. एकाला सांगितलं. दुसऱ्यासमोर परत वर्क फ्रॉम होमच तोंडातून निघालं.

नेरूळ_नाइट_ड्युटी
एकाला सांगितलंत ना, बास. आईंच्या गोळ्यांच्या चिठ्ठीतली औषधं जन औषधी दुकानात मिळतात का डॉक्टरांना विचारून घ्या, बराच फरक पडतो.

सानपाडा_सिस्टर
वहिनींना माझा सलाम सांगा. आणि सीव्ही टाका मला, मिस्टरांचा एक पॅसेंजर महापेला एचआरमध्ये आहे. आता याला योगायोग म्हणणार असाल तर आधीच सांगा 😄

घोडबंदर_ट्रॅफिक_पीडित
ते सगळं ठीक, दुधाचं काय झालं?

कळवेकर_७९
पाऊण लिटर.