मदत हवी आहे: कुशिंग सिंड्रोम, एमआरआय नॉर्मल, आता आयपीएसएस ही तपासणी सांगितलीय. कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी, ताईसाठी विचारतेय. तिला कुशिंग सिंड्रोम आहे, म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल हे हार्मोन फार जास्त होतं. वय ३९, भांडुपला राहते, बालवाडीत शिकवते.

तिचं वजन सगळं पोटावर, चेहऱ्यावर नि मानेच्या मागे वाढत गेलं आणि हातपाय मात्र बारीक, म्हणजे ब्लाउज अंगात उसवावा लागतो आणि बाह्या ढगळ होतात, टेलरलाही कळेना माप कसं घ्यायचं. त्यात बीपी, शुगर, पाळी अनियमित, जरा आपटलं की काळंनिळं, पोटावर बोटभर रुंद जांभळे पट्टे. लोकलमध्ये दांडा धरून अंग ओढून घेते तेव्हा कुठे पाय वर येतो. आणि लोक काय सांगतात तर भात बंद कर, चालायला जा. जेमतेम दीड पोळी खाते हो ती! ऐकून ऐकून तिने लग्नकार्याला जाणंच सोडलंय, मला फार वाईट वाटतं.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांनी ते पट्टे बघून एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनच्या डॉक्टरांकडे) पाठवलं. त्यांनी आधी स्टिरॉइडचं खोदून खोदून विचारलं, गोळ्या, सांधेदुखीच्या पुड्या, गोरं व्हायची क्रीम वगैरे, कारण बाहेरून घेतलेल्या स्टिरॉइडमुळेच हे जास्त होतं. तसं काहीच नाही. मग रात्री ११ ला १ मिग्रॅ डेक्सामेथासोन (एक स्टिरॉइड) देऊन सकाळी ८ ला रक्त घेतलं, कॉर्टिसॉल १.८ मायक्रोग्रॅम/डेसीलिटरच्या खाली यायला हवं ते आलं नाही, २४ तासांच्या लघवीतलंही जास्त. एसीटीएच (कॉर्टिसॉल बनवायचा हुकूम देणारं हार्मोन) पण वाढलेलं, म्हणजे किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी आपणहून कॉर्टिसॉल करत नाहीयेत, वरून हुकूम येतोय, बहुतेक मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून.

पण पिट्युटरीचा एमआरआय स्वच्छ! घरचे म्हणतात नॉर्मल आहे ना, मग कशाला पुढे. डॉक्टर म्हणतात पिट्युटरीतल्या एसीटीएच बनवणाऱ्या गाठी काही मिलिमीटरच्या असतात, बऱ्याच जणांत दिसतच नाहीत, आणि क्वचित फुफ्फुसातली गाठही एसीटीएच बनवते, म्हणून नाकातून पिट्युटरीचं ऑपरेशन करण्याआधी आयपीएसएस करून खात्री करायची. जांघेतल्या शिरांमधून बारीक नळ्या पिट्युटरीजवळच्या शिरांपर्यंत नेतात, दोन्ही बाजूंचं आणि हाताचं रक्त एकदमच घेऊन एसीटीएच ताडून बघतात. मला हे पटतंय, गाठ भलतीकडे असली तर नाकातल्या ऑपरेशनचा काय उपयोग.

मुंबईत कोणी केलंय का? परळच्या केईएमला एंडोक्राइनचा स्वतंत्र विभाग आहे, तिथला कोणाचा अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा. जागेपणी करतात म्हणे, ताई त्यालाच घाबरलीये, दुखतं का?

दुसरं, ऑपरेशननंतर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल सुरू होईपर्यंत कित्येक महिने हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलच्या जागी द्यायचं औषध) घ्यावं लागतं आणि तेव्हा थकवा, सांधेदुखी खूप असते असं कळलं. ज्यांचं झालंय ते कामावर कधी परतले? ताई म्हणते दिवाळीच्या सुट्टीत करू. डॉक्टर मात्र थांबू नका म्हणतात, हाडं ठिसूळ होतात, इन्फेक्शनचा नि रक्तात गुठळ्या व्हायचा धोका असतो. तिला कसं समजावू?