पुणे-लोणावळा लोकल: तिसरी-चौथी लाइन होईपर्यंत आपण नेमकं काय मागायचं?

तळेगावकर
नमस्कार मंडळी, मी तळेगावला राहतो, कामाला शिवाजीनगरला. सकाळची लोकल भरलेली असली तरी वेळेवर पोचवते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. प्रॉब्लेम दुपारचा आहे. सकाळची गर्दी ओसरली की पुढचे काही तास लोकलच नसते, 2024 ला दुपारची गाडी दिली पण तेवढ्याने खंड भरत नाही. माझी मुलगी शिवाजीनगरच्या कॉलेजात आहे, लेक्चर साडेबाराला संपतं आणि ती तीन-साडेतीनपर्यंत लायब्ररीत बसून राहते कारण शेअर रिक्षा-बस बदलत यायचं तर तेवढाच वेळ जातो आणि पैसे जातात ते वेगळेच. तिसऱ्या-चौथ्या लाइनचं ऐकतोय कधीपासून, पण ती होईल तेव्हा पोरगी नोकरीला लागलेली असेल. तोपर्यंत आत्ता काय करता येईल? ज्यांना रेल्वेचं कळतं त्यांनी प्लीज सांगा, कारण निवेदन द्यायचं तर त्यात नीट काहीतरी लिहिलेलं पाहिजे.

रूळावरचा
दुपारचा खंड आहे तो ब्लॉकसाठी. रूळ, ओव्हरहेड वायर, सिग्नल यांचं काम करायला लाइन काही तास मोकळी लागते आणि पुणे ते लोणावळा लाइनी दोनच, त्यावरच मुंबईच्या एक्सप्रेस, मालगाड्या आणि आपली लोकल. गंमत नाही, खरंच बघा, खाली कर्जत-लोणावळा घाटात तीन लाइनी आहेत आणि वर सपाटीला आल्यावर दोन! चार झाल्या तर दोन बंद ठेवून दोनवर गाड्या चालवता येतात, म्हणून ती मागणी सोडू नका, लांबली तरी मूळ उपाय तोच आहे. ब्लॉक रद्द करा असं मात्र निवेदनात चुकूनही लिहू नका, तो सेफ्टीचा विषय आहे, पहिल्याच ओळीला कागद बाजूला पडेल. त्याऐवजी विचारा की ब्लॉक रोज सगळ्या पट्ट्यात एकदम लागतो का, की काही दिवस तळेगाव-लोणावळा आणि काही दिवस तळेगाव-पुणे असं वाटून घेता येईल. तळेगावपर्यंतची एक शॉर्ट लोकल जरी दुपारी मिळाली तरी बऱ्याच लोकांचं भागेल.

कामशेत_पॅसेंजर
तळेगावपर्यंतच आणली की आम्ही परत लटकलो ना दादा! कान्हे, कामशेत, मळवलीची माणसं पण माणसंच आहेत, भाजी घेऊन जाणाऱ्या बायका, आयटीआयची पोरं, दवाखान्याला पुण्यात जाणारी म्हातारी माणसं. आमच्याकडे लोकल नसली की हायवेला उभं राहून जी मिळेल ती जीप. मला वाटतं बसचं बघा. निगडीहून पीएमपीच्या बस जुन्या हायवेने तळेगाव, वडगाव, कामशेतकडे येतातच, त्यातल्या दुपारच्या वेळी वाढवल्या आणि खाली थेट पिंपरीच्या मेट्रो स्टेशनपर्यंत नेल्या तर? मेट्रो आता तिथून स्वारगेटपर्यंत जाते, मधे शिवाजीनगर आहेच. निगडीला उतरून परत दुसरी बस पकडायची यातच अर्धा जीव जातो. मेट्रो निगडीपर्यंत येणार आहे, काम चालू आहे, पण तोवर हा मधला तुकडा बसनेच जोडायला हवा.

पाटसकर
आमच्या दौंड बाजूचं पण घ्या ओ यात. लाइनीवर वीज आली तरी 2017 ला आम्हाला मिळाली डिझेलवरची डेमू, कारण लोणावळ्यासारखी लोकल लावायची तर प्लॅटफॉर्म उंच लागतात आणि आमच्याकडचे होते खाली. म्हणजे काय, गाडी मागितली आणि प्लॅटफॉर्म मागायचा राहिला. म्हणून सांगतो, तुम्ही बस मागाल तेव्हा स्टेशनबाहेर ती उभी कुठे राहणार, वळणार कुठे हे पण लिहा. आणि टायमिंग जोडून मागा. लोकल यायच्या पाच मिनिटं आधी बस निघून गेली तर ती असून नसल्यासारखीच.

तळेगावकर
सगळ्यांचे मनापासून आभार, कामशेतचं म्हणणं एकदम पटलं, मी फक्त माझ्या घरापुरतं बघत होतो. मग निवेदन दोन करतो. रेल्वेला ब्लॉक वाटून घेण्याबद्दल आणि पीएमपीला दुपारी बारा ते साडेतीन कामशेत ते पिंपरी मेट्रो थेट बसबद्दल, स्टेशनाबाहेरच्या थांब्याच्या जागेसकट. येत्या रविवारी सकाळी दहाला तळेगाव स्टेशनच्या तिकीट खिडकीपाशी सह्या घेतो. कामशेत, कान्हे, मळवलीला कोणी कागद घेऊन उभं राहणार असेल तर इथेच सांगा, झेरॉक्स मी आणून देतो.

कामशेत_पॅसेंजर
कामशेत मी घेते. मंगळवारी बाजार असतो, रविवारपेक्षा त्या दिवशी जास्त बायका भेटतील, तेव्हा दोन्ही दिवस बसते.