एकच कादंबरी, दोन विषय: इंग्रजी साहित्य आणि इतिहास एकत्र घेतल्यावर लेखन कसं करायचं?

पानगळ
बीए दुसरं वर्ष. मेजर इंग्रजी साहित्य, मायनर इतिहास. दोन्हीकडे अंतर्गत गुणांसाठी 2000 शब्दांचं लेखन आहे. दोन्हीकडे एकोणिसावं शतक चालतं, म्हणून डिकन्सची 'हार्ड टाइम्स' ही गिरणीगावावरची कादंबरी घेतली. मसुद्यावर इंग्रजीचा शेरा: 'हा इतिहास झाला, संहिता (कादंबरीचा मूळ मजकूर) कुठे आहे?' इतिहासाचा शेरा: 'ही गोष्ट झाली, पुरावा कुठे आहे?' दोन्ही विषयांना एकच कादंबरी चालेल का? चालत असेल तर नेमकं काय वेगळं करायचं? आणि पुढे एमएला कोणता विषय घ्यावा?

दप्तरदार
कादंबरी चालेल, मसुदा एकच चालणार नाही. दोन्ही शेरे बरोबर आहेत.

आधी इतिहासाचं बघू. 'कोकटाउनमध्ये असं होतं, म्हणजे लँकेशायरच्या गिरणीगावांत असंच होतं' या धाटणीचं वाक्य मसुद्यात असेल तर खोडा. कोकटाउन हे डिकन्सने रचलेलं गाव आहे. कादंबरी कशाचा पुरावा ठरते ते आधी ठरवायचं: गिरणीतल्या परिस्थितीचा, की लंडनच्या एका मध्यमवर्गीय लेखकाला कामगार संघटनांबद्दल काय वाटत होतं याचा? दुसरं सिद्ध करता येतं, पहिल्यासाठी वेगळी साधनं लागतात.

या कादंबरीपुरतं तुमचं नशीब चांगलं आहे, कारण शेजारी ठेवायला त्याच लेखकाचा वार्तांकनाचा मजकूर आहे. लँकेशायरमधल्या प्रेस्टनच्या कापूस गिरण्यांत 1853 मध्ये झगडा पेटला. आधी कापलेली 10 टक्के मजुरी परत द्या, ही कामगारांची मागणी. ऑक्टोबरमध्ये मालकांनी टाळेबंदी केली. डिकन्स 1854 च्या जानेवारीअखेर तिथे जाऊन आला आणि 11 फेब्रुवारीच्या 'हाउसहोल्ड वर्ड्स' या साप्ताहिकात त्याचा 'ऑन स्ट्राइक' हा लेख आला. त्यात कामगारांची सभा शांत, शिस्तीची आहे. भडक बोलणारा एक वक्ता उठतो, तर अध्यक्ष त्याला आवरतो. 1 एप्रिलपासून त्याच साप्ताहिकात 'हार्ड टाइम्स' सुरू झाली. तिच्यात भडक बोलणारा स्लॅकब्रिज हाच सभेचा मुख्य वक्ता आहे. 10 टक्क्यांची मागणी नाही, संपसुद्धा नाही.

जे प्रत्यक्ष पाहून फेब्रुवारीत छापलं, त्यातलं कादंबरीत काय गळलं आणि काय फुगलं? इतिहासाचा लेख या प्रश्नावर उभा करा. 2000 शब्दांपैकी कथानकाला 150 पुरेत. निम्मे शब्द दोन मजकुरांच्या तुलनेला द्या, उरलेल्यांत प्रेस्टनचा घटनाक्रम आणि आधीच्या अभ्यासकांशी तुमचा वाद.

तिसरा मजकूर हवा असेल तर त्याच साप्ताहिकाचा 22 एप्रिलचा अंक काढा. हेन्री मोर्लीचा 'ग्राउंड इन द मिल' हा लेख उघड्या यंत्रांत सापडून होणाऱ्या अपघातांवर आहे. यंत्रांना कठडे लावण्याची सक्ती 1844 च्या कारखाने कायद्यातच होती. कादंबरीचा हप्ता आणि हा लेख एकाच अंकात वाचले गेले, हा मुद्दा दोन्ही विषयांना चालतो.

तळटीप
इंग्रजीच्या बाजूने. 'संहिता कुठे आहे' याचा अर्थ जास्त अवतरणं द्या असा नाही. मोठी अवतरणं देऊन खाली 'यावरून कामगारांचे हाल दिसतात' लिहिलं की हाच शेरा परत येतो.

दुसऱ्या भागातलं चौथं प्रकरण घ्या, त्यातली सभा. स्लॅकब्रिजचं भाषण 'ओह माय फ्रेंड्स' अशा हाकांनी सुरू होतं, एकामागून एक उद्गारचिन्हं. लगेच निवेदक त्याला श्रोत्यांशी ताडून बघतो: तो त्यांच्याइतका प्रामाणिक नाही, तितका मर्द नाही, तितका खेळकर नाही. 'नॉट सो... नॉट सो... नॉट सो'. गंमत ही की वक्त्याला खोटं पाडताना निवेदक वक्त्याचीच युक्ती वापरतो, तीच पुनरुक्ती. पुढे गिरणी कामगार स्टीफन बोलायला उभा राहतो तो लँकेशायरच्या बोलीत, अडखळत. निवेदक श्रोत्यांची बाजू घेतो, पण त्यांच्या संघटनेची घेत नाही. हे वाक्यरचनेतून दाखवलंत की झाला तुमचा लेख. इथे प्रेस्टनला एक परिच्छेद, फार तर 200 शब्द.

आता आवृत्तीची भानगड, यात बरेच जण फसतात. 'सोइंग', 'रीपिंग', 'गार्नरिंग' (पेरणी, कापणी, साठवण) हे तीन भाग आणि प्रकरणांची शीर्षकं साप्ताहिकात नव्हती. ती 1854 मध्येच पुस्तक निघालं तेव्हा आली. 'एप्रिलमधल्या वाचकाला पेरणी या शीर्षकातून सूचना मिळते' असं लिहिलंत तर जाणकार परीक्षक तिथेच लाल रेघ मारेल.

बारीकसारीक: इंग्रजीत लिहिताना साहित्याच्या लेखात संहितेबद्दल वर्तमानकाळ (डिकन्स डिस्क्राइब्ज), इतिहासाच्या लेखात भूतकाळ (डिकन्स व्हिजिटेड). संदर्भ देताना साहित्यात सहसा एमएलए (मॉडर्न लँग्वेज असोसिएशन) पद्धत, म्हणजे कंसात पान क्रमांक. इतिहासात शिकागो पद्धतीच्या तळटीपा. तुमच्या विभागाची सूचना वेगळी असेल तर ती पाळा, पण एकाच लेखात दोन्हींची भेसळ नको. आणि दोन्हीकडे तोच परिच्छेद चिकटवू नका, साम्य तपासणीत स्वतःचंच लेखन पकडलं जातं.

पानगळ
म्हणजे 'सोइंग'वरचा माझा अख्खा परिच्छेद गेला?

तळटीप
नाही. 'साप्ताहिकाचा वाचक'च्या जागी 'पुस्तकाचा वाचक' करा आणि एक वाक्य वाढवा: शीर्षकं नंतर आल्यामुळे हप्त्याहप्त्याने वाचलेली गोष्ट पेरणी-कापणीच्या साच्यात कशी बसली. परिच्छेद आधीपेक्षा वजनदार होईल.

दप्तरदार
त्याला जोडून: संप मे 1854 च्या सुरुवातीला मोडला. पहिले हप्ते आले तेव्हा प्रेस्टन धुमसत होतं. सभेचं प्रकरण छापून आलं तोवर कामगार हरले होते. हे तारखांसकट लिहा.

साधनं: साप्ताहिकाचे मूळ अंक 'डिकन्स जर्नल्स ऑनलाइन'वर फुकट आहेत. ब्रिटिश संसदेतल्या चर्चा हॅन्सार्डच्या (संसदेच्या अधिकृत वृत्तांताच्या) संकेतस्थळावर. मुंबईचा धागा जोडायचा मोह होईल, कारण कावसजी दावर यांची गिरणी कंपनीही 1854 चीच आणि गिरणी सुरू झाली 1856 मध्ये. पण तो विषय तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी राखून ठेवा. त्यासाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात बसावं लागेल, 2000 शब्दांत ते मावणार नाही. तिथे जाण्याआधी कॉलेजचं पत्र घ्या.

कासवगती
वरचं सगळं एका लेखापुरतं झालं. वर्षभराची खरी अडचण अशी की आपल्याकडे इंग्रजीच्या पेपरात बहुतेक ब्रिटन आणि इतिहासाच्या पेपरात बहुतेक भारत. दोन्ही आपोआप जुळत नाहीत. वहीत तीन रकाने आखा: साल, पुस्तक, घटना. 1813: 'प्राइड अँड प्रेज्युडिस', कंपनीचा चार्टर कायदा. 1857: मुंबई, कलकत्ता, मद्रास विद्यापीठं आणि उठाव. साहित्याचे कालखंडही पुष्कळदा राजकीय सालांवरच बेतलेले असतात (1660 राजेशाही परत आली, 1832 संसदेचा सुधारणा कायदा, 1837 व्हिक्टोरिया राणी झाली), हेही त्यातून दिसतं.

चौथा रकाना मात्र हवाच: 'संबंध आहे का?' 'फ्रँकेन्स्टाइन' 1 जानेवारी 1818 ला प्रकाशित झालं, कोरेगावची लढाई त्याच दिवशी झाली. संबंध शून्य. तारखा जुळल्या की निबंधात घुसडायची सवय लागते, ती हा रकाना मोडतो.

एमएबद्दल: नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा; त्या साधारणपणे एमएच्याच विषयात द्याव्या लागतात, म्हणून निवड प्राध्यापकी डोळ्यांपुढे ठेवून करा. नेटच्या दुसऱ्या पेपरात 100 प्रश्न, 200 गुण. इंग्रजीत साहित्य सिद्धांताचा आणि इतिहासात प्राचीन भारताचा भाग मोठा असतो. यातलं कोणतं सहा महिने न कंटाळता वाचवेल ते बघा. मायनरवर त्या विषयाच्या एमएला प्रवेश मिळतो का, हे मात्र त्या त्या विद्यापीठाच्या प्रवेश पुस्तिकेतच बघा. अटी सारख्या नसतात. क्रेडिटचा हिशेब निकालपत्रावरून आताच मांडून ठेवा, सहाव्या सत्रात एखादं कमी पडलं तर दुरुस्तीला वेळ उरत नाही.