मोटरहोमच्या (राहायच्या गाडीच्या) संडासाला पाणी बंद करायचा कॉक बसवलाय का कुणी? अनुभव सांगा

गेल्या महिन्यात ॲरिझोनात रात्री अडीचला पाण्याचा पंप दर दोन मिनिटांनी घुर्र करायला लागला. नळ तर सगळे बंद. लाइनीतला दाब उतरल्याशिवाय पंप सुरू होत नाही, म्हणजे पाणी कुठेतरी जात होतं. पाहिलं तर कमोडचं भांडं काठोकाठ. पायाने दाबायच्या पेडलमागे जो प्लॅस्टिकचा व्हॉल्व्ह असतो, त्याचं सील गेलेलं. पुण्यातल्या घरी अँगल कॉक फिरवून झोपलो असतो. इथे कमोडमागे हात घातला तर नुसता अर्धा इंची पेक्स (लवचीक प्लॅस्टिकचा) पाइप! पंप बंद केला तर सकाळच्या चहालाही पाणी नाही. घरी परतल्यावर पहिलं काम केलं ते पितळी बॉल व्हॉल्व्ह टाकायचं, म्हणजे आतला भोकाचा गोळा फिरून पाव फेऱ्यात बंद होणारा कॉक. तुमचं काय?

*

तुमचा पंप तरी ओरडला. आम्ही टेक्सासला कॅम्पग्राउंडच्या नळाला होज लावून जेवायला बाहेर गेलो होतो. तिथे टाकी संपायचा प्रश्नच नाही, पाणी येतच राहतं. परत आलो तर बाथरूममधून पाणी पलंगापर्यंत, आणि दोन दिवसांत खालचं प्लायवुड पुरीसारखं फुगलं. आता कॉक आहे, तरी गाडी सोडताना बाहेरचा नळ बंद करतेच.

*

मिनेसोटासारख्या थंडीत राहणाऱ्यांसाठी: हिवाळ्याआधी पाण्याच्या लाइनीत गुलाबी अँटिफ्रीझ (पाइप गोठून फुटू नयेत म्हणून घालतात ते) भरताना पेडल गुलाबी पाणी दिसेपर्यंत दाबून धरा. मी सगळे नळ उघडले आणि नेमका संडास विसरलो. वसंतात व्हॉल्व्हला उभी चीर. आणि दादा, तुमचा नवा कॉक हिवाळ्यात पूर्ण बंद ठेवू नका. बॉलच्या पोटात पाणी अडकतं आणि गोठलं की कॉकच फुटतो. अर्धवट उघडा ठेवा.

*

आमच्याकडे कॉक आला तो जेट स्प्रेमुळे. सासूबाई नागपूरहून येणार होत्या आणि नुसत्या टॉयलेट पेपरवर त्यांनी दोन आठवडे काढणं शक्यच नव्हतं. घरच्या कमोडसाठी मिळणारा टी (एका लाइनीचे दोन फाटे करणारा जोड) आणला, तर आटे जुळेनात. घरी तीन अष्टमांश इंचाचा जोड, इथे अर्धा इंची. शेवटी पेक्सचाच टी घेतला आणि दोन कॉक लावले, एक कमोडला, एक जेटला. जेटचा कॉक वापरून झाला की लगेच बंद करायचा. नुसता स्प्रेचा खटका सोडून दिला तर होजमध्ये दाब राहतो, आणि तो स्वस्तातला होज रस्त्याच्या धक्क्यांत कधी सुटेल सांगता येत नाही. एक तोटा आहे: मैल्याची टाकी आधी चार दिवस पुरायची, आता अडीच. सासूबाई खूश होत्या, टाकी रिकामी करणारे चिरंजीव तेवढे नव्हते.

*

जुनी गाडी असेल तर आधी पाइपचा रंग बघा. माझी १९९१ची, करडा पॉलिब्युटिलीन (जुन्या प्रकारचं प्लॅस्टिक) पाइप. त्यावर पेक्सचा जोड आवळणारी रिंग दाबली आणि पहिल्याच रात्री ठिबकायला लागलं. मधे जोडणारं वेगळं कपलिंग लागतं. आणि व्हॉल्व्हला लाइन जोडणाऱ्या, आत कोन वॉशर (शंकूच्या आकाराचा रबरी वॉशर) असलेल्या नटाला पाना लावू नका, हातानेच आवळा. टेफ्लॉन टेपही नको. मी जोर केला, प्लॅस्टिकचे आटे तडकले, आणि कॉकपेक्षा महाग व्हॉल्व्ह बदलावा लागला.

*

मी उलट मताचा. जोड वाढला की गळायची जागा वाढली. व्हॉल्व्ह बदलायला मला पाऊण तास लागला, तेवढा वेळ पंप बंद.

*

(धागाकर्ता) पाऊण तास सुटा भाग हातात असताना. आमच्या जवळचं दुकान नव्वद मैलांवर होतं, आणि भाग यायला चार दिवस म्हणाले.

*

एकच विचारतो, कॉक बसवलाय कुठे? माझा कमोडमागे आहे, भिंत आणि भांडं यांत तीन बोटांची जागा. गळती झाली तेव्हा हातच पोचला नाही, बायकोने चिमट्याने फिरवला. आता लाइन पुढे आणून सिंकखालच्या कपाटात घेतोय.