मदत हवी आहे: बेंच मारताना खांद्यातून कटकट आवाज

मंगळवारपेठकर:
कोणी अनुभवी असेल तर लवकर सांगा. बेंच प्रेस (उताणं पडून बार ढकलणं) मारताना खांद्यातनं कट-कट वाजायलंय. डंबेल बाजूनं वर घेतला की आत वाळू दळल्यासारखी करकर होते. ट्रेनर म्हणतो वॉर्मअप वाढव, सगळ्यांचं वाजतं. वॉर्मअप करूनच बसतो मी! नेटवर अर्धे म्हणतात काही नाही, अर्धे थेट ऑपरेशनवर जातात. पुढच्या महिन्यात स्पर्धा आहे, थांबायला वेळ नाही. काय करू तेवढं सांगा.

कळंब्याचा:
एक खांदा का दोन्ही? दुखतंय का नुसता आवाज? वय किती, वजन किती लावता? यातलं काहीच लिहिलं नाही, मग सांगायचं काय?

लालमाती:
भावा, पाठीवर पडून लोखंड ढकलल्यानंच खांदे जातात. कोल्हापुरातल्या गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठल्याही तालमीत पहाटे जाऊन बघ. जोर मारणाऱ्या पोरांचे खांदे चारी बाजूंनी मोकळे फिरतात. हलकं मुद्गल घे, डोक्यामागून फिरव, आवाज आपोआप बंद होईल. आमच्या वस्तादांनी आम्हाला बेंच कधी दाखवला नाही.

गावठी_तूप:
वंगण कमी झालंय, दुसरं काही नाही. रोज सकाळी कोमट दुधातून दोन चमचे तूप घे. गंगावेशला म्हशीचं धारोष्ण मिळतं, ते पीत जा. रात्री तिळाचं तेल चोळून शेक.

सांधा_आणि_स्नायू:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. तूप खा, पण ते पोटातून सांध्यात उतरत नाही. सांध्यातला द्रव सांध्याचं अस्तरच तयार करतं.

आता आवाजाचं. दुखत नसेल तर नुसत्या आवाजाला घाबरायचं कारण नाही, धडधाकट माणसांचेही खांदे वाजतात. बोटं मोडल्यासारखा एकदाच टक् झाला आणि लगेच पुन्हा वाजवून वाजला नाही, तर तो बहुधा द्रवातल्या वायूचा बुडबुडा. प्रत्येक रेपला (वजन उचलायच्या प्रत्येक फेरीला) त्याच जागी वाजत असेल तर एखादा स्नायूबंध हाडाच्या कडेवरून सरकत असू शकतो. करकर असेल तर खांद्याच्या टोकाखालची बर्सा, म्हणजे गादीसारखी पिशवी, सुजलेली असू शकते. पाठीच्या फऱ्यातूनही अशीच करकर येते आणि लोकांना ती खांद्यात वाटते. म्हणून धागाकर्त्यांनी आधी सांगावं: आवाज पुढून, टोकावर की मागून? हात किती वर गेल्यावर? रात्री त्या कुशीवर झोपता येतं का?

मंगळवारपेठकर:
उजवा. वय २६. वजन सांगून काय होणार आहे? दुखतं, पण शेवटच्या दोन-तीन रेपलाच. डंबेल खांद्याच्या रेषेत आला की आवाज येतो, त्याच्यावर गेला की बरं वाटतं. उजव्या कुशीवर झोपायचं बंदच केलंय. आता करू काय?

जिमवाला_राजारामपुरी:
बेंचला कोपरं कशी असतात तुझी? सरळ बाहेर फेकली असतील तर खांदा चेचणारच. कोपर छातीपासून ४५ ते ६० अंशांत ठेव, फऱ्या मागं-खाली आवळून बेंचला चिकटव, बार मानेकडं नाही, छातीच्या खालच्या भागावर आण. मानेमागून प्रेस आणि अपराइट रो (उभ्यानं बार हनुवटीकडं ओढणं) बंद. जेवढा पुश तेवढाच पुल ठेव: रोइंग, फेस पुल (दोरी चेहऱ्याकडं ओढणं), रबर बँडनं हात बाहेर फिरवणं. आमच्याकडं पोरं छातीला दोन दिवस देतात आणि पाठीला ढुंकून बघत नाहीत.

कागलकर_काकू:
माझ्या नणंदेला असंच झालं होतं, फ्रोझन शोल्डर निघाला. तिला शुगर होती. तुम्ही शुगर तपासून घ्या.

सांधा_आणि_स्नायू:
काकू, शुगर तपासण्यात तोटा नाही. पण फ्रोझन शोल्डरला दुसऱ्यानं धरून उचलला तरी हात वर जात नाही. यांचा तर पूर्ण जातोय. तो त्रास साधारण चाळिशीनंतरचा.

जिमवाल्यांचं बरोबर आहे. लालमाती दादा, तुमचं मात्र पटत नाही. मुद्गल चांगलंच आहे, पण दुखऱ्या खांद्यानं डोक्यामागून फिरवायचं नाही. आणि जोर मारताना खाली गेलं की खांद्यावर भार येतोच.

लालमाती:
ताई, शाहू महाराजांनी खासबाग मैदान बांधलं तेव्हापासून इथं पोरं जोर मारतात. सगळ्यांचे खांदे गेले असते तर कुस्ती राहिली असती का?

कळंब्याचा:
अवांतर: कुस्तीवर वेगळा धागा काढा, तिथं बोलू. मंगळवारपेठकर, खांद्याला आधी कधी मार बसला होता का?

मंगळवारपेठकर:
मार असा नाही. पावसाळ्यात रंकाळ्याजवळ गाडी स्लिप झाली, हात टेकून पडलो. एक्स-रे काढला, हाड चांगलं म्हणाले. आवाज त्यानंतरच सुरू झाला, पण त्याचा काय संबंध?

सांधा_आणि_स्नायू:
संबंध तिथेच असू शकतो! एक्स-रेत हाड दिसतं. रोटेटर कफचे, म्हणजे खांदा फिरवणाऱ्या आणि धरून ठेवणाऱ्या स्नायूंचे, स्नायूबंध आणि वाटीची कड, जिला लॅब्रम म्हणतात, ती दिसत नाही. खांद्याची वाटी उथळ असते, हात टेकून पडलं की नेमक्या त्या कडेला इजा होऊ शकते. हात ६० ते १२० अंशांच्या मध्ये दुखतो आणि रात्री त्या कुशीवर झोपवत नाही, याचा अर्थ कफ किंवा बर्सा दुखावलेली असू शकते. उजवा हात डाव्या खांद्यावर ठेवून बघा. खांद्याच्या अगदी टोकाला कळ आली तर कॉलरबोनचा सांधाही तपासायला हवा.

कोपराचा कोन बदलून हे भागणार नाही, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात, ओपीडी आहे, केस पेपर काढून दाखवता येतं. सोनोग्राफी की एमआरआय ते हात फिरवून बघून ठरवतील. हात मध्येच अडकला, निसटल्यासारखा वाटला किंवा कपबशी उचलतानाही ताकद जाणवली नाही, तर उद्याच जा. तोवर बेंच, डिप्स, ओव्हरहेड बंद.

मंगळवारपेठकर:
आणि स्पर्धा?

जिमवाला_राजारामपुरी:
तपासल्याशिवाय नाव देऊ नकोस. फाटलेल्या कफवर जड बार घेतलास तर वर्ष जाईल.

मंगळवारपेठकर:
बरं, सोमवारी जातो. पाय तरी मारू का? स्क्वॉट चालेल?

सांधा_आणि_स्नायू:
पाठीवर बार घेऊन नको. बार धरताना खांदा मागे पिळला जातो. लेग प्रेस, लेग कर्ल, काफ (पोटऱ्यांचे व्यायाम) चालतील. आणि सोमवारी जाताना तो जुना एक्स-रे बरोबर न्या.