बाजारात मराठी बोलणारी मुलगी वर्गात गप्प का होते?

प्रश्न (शिक्षिका, चिखलदरा तालुका)
माझ्या दुसरीच्या वर्गातील बहुतेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. त्यांपैकी एक मुलगी परतवाड्याच्या बाजारात आईच्या वतीने मराठीत भाव करताना मी स्वतः पाहिली आहे. तीच मुलगी वर्गात उभी केली की मिठाची गुळणी धरते आणि फ्रॉकचे टोक बोटाला गुंडाळत राहते. तिला शब्द येतात, मग ते ऐन वेळी जातात कुठे?

उत्तर (मानसशास्त्राचे प्राध्यापक, यवतमाळ)
शब्द जात नाहीत, त्या क्षणी सापडत नाहीत. दुसऱ्या भाषेतील वाक्याची जुळवाजुळव कार्यस्मृतीत, म्हणजे हातातले काम करताना लागणारे तेवढेच डोक्यात धरून ठेवणाऱ्या स्मृतीत, होते आणि तिची क्षमता मुळातच तोकडी असते. मराठीची तीन लिंगे कोरकूत नाहीत, त्यामुळे या मुलीला प्रत्येक क्रियापदापाशी थांबून विचार करावा लागत असणार. त्यात ‘चुकले तर हसतील’ ही धास्ती शिरली की वाक्यासाठी जागाच उरत नाही. शिवाय ताणामुळे कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढले की पाठ असलेलेही आठवणे अवघड होते. हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये भाषावर्गातील भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली तयार केली, कारण ही भीती एरवीच्या भित्रेपणाहून वेगळी आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

उत्तर (मुख्याध्यापक, गडचिरोली जिल्हा)
मला यात भर घालावीशी वाटते. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी भावनिक अडसराची, म्हणजे भीती वा संकोच असला की कानावर पडलेली भाषा आत रुजत नाही, ही कल्पना मांडली खरी, पण अडसर दूर झाला तरी समजेल अशी भाषा भरपूर कानावर पडावीच लागते, हेही त्यांनीच सांगितले आहे. बाजारात त्या मुलीला काही मिळवायचे असते आणि तिथे तिचे लिंग-वचन कोणी तपासत नाही. आमच्या गोंडी बोलणाऱ्या मुलांना मी आधी जोडीदाराशी गोंडीत बोलून काय सांगायचे ते ठरवू देतो, मग मराठीत सांगायला लावतो. वाक्य पुरे होईपर्यंत चूक दाखवत नाही. विचार आधीच झालेला असल्याने मुलांना केवळ भाषेकडे लक्ष देता येते.

शिक्षिका
हे मनापासून पटले. मात्र भेटीला येणारे अधिकारी वर्गात कोरकू ऐकली की नाराज होतात.

मुख्याध्यापक
राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावे, असे स्पष्ट म्हटले आहे. तो परिच्छेद छापून शेरेबुकात लावून ठेवा.