टस्कीगीला अचानक जाऊन आलो, मंडळाची सहल तिथे न्यायची का?

वाचनकट्टा (अल्फारेटा):

नमस्कार मंडळी,

शनिवारी काहीच बेत नव्हता. नाश्ता झाल्यावर मुलांना गाडीत घातलं आणि आय-८५ धरून थेट अलाबामातलं टस्कीगी गाठलं. अटलांटाहून दोन-सव्वादोन तास. राज्याची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास मागे जातं, त्यामुळे उशिरा निघूनही दिवस हातात राहतो.

आपल्यापैकी अनेकांना हे गाव शाळेत असल्यापासून माहीत आहे, वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे. मीही या कृष्णवर्णीय कृषिशास्त्रज्ञासाठी, कार्व्हरसाठीच गेले. टस्कीगी विद्यापीठाच्या आवारातच त्यांचं संग्रहालय आहे. ती इमारत पूर्वी धुलाईघर होती. त्यांची चित्रं, विणकाम, अलाबामाच्या मातीपासून केलेले रंग तिथे बघायला मिळतात. १९४७च्या आगीत बरीच चित्रं जळाली, म्हणून उरलेल्यांसमोर जरा जास्त वेळ थांबा.

पण मी खरी रमले ती विटांमध्ये. १८८१ मध्ये बुकर टी. वॉशिंग्टन यांनी शाळा सुरू केली (तीच आजचं हे विद्यापीठ) तेव्हा ना इमारत होती, ना पैसा. विद्यार्थ्यांनीच चिखल तुडवून विटा पाडल्या. तीन भट्ट्या फसल्या. चौथीसाठी वॉशिंग्टननी स्वतःचं घड्याळ गहाण टाकलं, आणि ती साधली! त्या काळातल्या, विद्यार्थ्यांनी स्वतःच्या विटांनी बांधलेल्या इमारती आजही उभ्या आहेत. बहुतेकांचे आराखडे रॉबर्ट टेलर यांचे. एमआयटीतून पदवी घेणारे ते पहिले कृष्णवर्णीय विद्यार्थी, साल १८९२. जवळ जाऊन पाहिलं की हाताने पाडलेली वीट लगेच ओळखू येते. मी कितीतरी वेळ एकाच भिंतीपाशी उभी होते.

वॉशिंग्टन आणि कार्व्हर, दोघांच्याही कबरी तिथल्या चॅपलजवळ आहेत. वसंतातली सहल इथे न्यावी असं मला मनापासून वाटतं.

सहल समिती:

ताई, कल्पना छान आहे. लहान मुलं रमतील का? तिकीट किती? आणि जेवणाचं काय?

वाचनकट्टा (अल्फारेटा):

संग्रहालय आणि मोटन फील्ड, दोन्ही नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहेत, प्रवेश विनामूल्य. मोटन फील्ड म्हणजे दुसऱ्या महायुद्धातले कृष्णवर्णीय वैमानिक जिथे उडायला शिकले ते मैदान. हँगरमधून माझी मुलं बाहेर यायला तयार नव्हती. जेवणाला दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी न्यावी, त्या गावात शोभेलही. नाहीतर वाटेत ऑबर्न आहेच.

मुलांना जाण्याआधी एवढं नक्की सांगा की पीनट बटरचा शोध कार्व्हरनी लावला नाही. कापसाने जमीन निकस झाली होती आणि शेंगदाण्याची मुळं तिला नत्र परत देतात, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांच्या बांधावर जाऊन शिकवलं. १९०६ पासून त्यासाठी घोडागाडीवरची फिरती शाळा होती. पीक आलं तर करायचं काय, म्हणून १९१६ मध्ये शेंगदाण्याच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली. मला यात त्यांचा मोठेपणा जास्त दिसतो.

काका (डेकॅटर):

ताई, सहलीला माझा पाठिंबा आहे, पण एक आग्रह आहे. इथल्या कित्येक कृष्णवर्णीय घरांत टस्कीगी म्हटलं की आधी वेगळंच काहीतरी आठवतं. १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षं केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याने त्या भागातल्या सुमारे सहाशे कृष्णवर्णीय पुरुषांवर अभ्यास चालवला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना खरा आजार सांगितला नाही आणि पेनिसिलिन आल्यावरही दिलं नाही. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी माफी मागितली ती १९९७ मध्ये. गावातल्या इतिहास केंद्रात त्या माणसांची स्मृती जपली आहे. आपण नुसतं कार्व्हरचं दर्शन घेऊन परतलो तर त्या गावाशी नीट वागलो असं मला वाटणार नाही. आपली हायस्कुलातली मुलं उद्या डॉक्टर, संशोधक होतील, त्यांना हे तिथेच उभं राहून कळू दे.

वाचनकट्टा (अल्फारेटा):

काका, पटलं. मग सकाळी संग्रहालय आणि आवार, जेवणानंतर मोठी मुलं तुमच्याबरोबर इतिहास केंद्रात आणि लहान मुलं माझ्याबरोबर मोटन फील्डला. मुलांशी तिथे तुम्हीच बोला, तुमच्याइतकं नीट कोणी सांगणार नाही. उघडण्याच्या वेळा मी बघून ठेवते. ज्यांच्या गाडीत जागा आहे त्यांनी इथेच कळवा.